पडद्यावर बाळ दिसले, पण मला काहीच वाटले नाही

"सोनोग्राफीत बाळ दिसलं, ह्यांचे डोळे भरून आले, मला मात्र काहीच वाटलं नाही. मी आई म्हणून कमी पडतेय का?" हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या जणींनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. विचारताना जवळजवळ प्रत्येकीचा आवाज खाली येतो.

मृणाल (नाव बदलले आहे) माझ्याकडे समुपदेशनासाठी आली तेव्हा तिला विसावा आठवडा चालू होता. नुकताच झालेला अ‍ॅनॉमली स्कॅन (बाळाच्या अवयवांची वाढ नीट आहे का हे पाहणारी सोनोग्राफी) व्यवस्थित होता. नवऱ्याने बाळाचा फोटो मोबाइलवर लावला होता. तिने अहवालाचे पाकीट कपाटात साड्यांच्या तळाशी सरकवून ठेवले होते. पहिल्या दोन भेटी 'मी अशी कोरडी का' या एकाच प्रश्नाभोवती गेल्या. तिसऱ्या भेटीत मी विचारले, "तपासणी चालू असताना तुम्ही कुठे बघत होता?"

"डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे."

"आणि पडद्याकडे?"

"शेवटी. सगळं छान आहे म्हणाले, तेव्हा." मग बराच वेळ ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. "गेल्या वेळी नवव्या आठवड्यात ते बोलता बोलता गप्प झाले होते. ठोके नव्हते."

त्या पहिल्या गर्भाबद्दल ती तोवर एक शब्दही बोलली नव्हती. घरच्यांनी 'पुन्हा होईल' म्हणून विषय मिटवला होता, आणि तिनेही. आई-बाळाच्या ओढीचा सिद्धांत मांडणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या मांडणीवर माझी जडणघडण झाली असल्याने, ओढ दिसेनाशी झाली की मी आधी भीती शोधते. त्या दिवशी ती भीती समोर येऊन बसली. मी म्हटले, "तुम्ही कोरड्या नाही. नवऱ्यासाठी तो पडदा म्हणजे बाळाची पहिली भेट होती, तुमच्यासाठी ती वाईट बातमीची जागा होती. तुम्ही बाळाला पाहायला गेलाच नव्हता. पुन्हा गमावण्याची तयारी करून गेला होता." त्यानंतर ती रडली ते आधीच्या बाळासाठी. ते रडणे दीड वर्ष थांबले होते, आणि त्याला वाट मिळाली याचे मला आजही समाधान आहे.

वडिलांना गर्भाची हालचाल आतून कळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी चित्राचे मोल मोठे असते. आईचे नाते मात्र एका चित्रावर जुळलेच पाहिजे असे मुळीच नाही. कित्येकींच्या बाबतीत ते पहिल्या हालचालीपासून, तर काहींच्या बाबतीत बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हळूहळू जुळते. पहिलटकरणीला हालचाल साधारण अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास जाणवू लागते, आणि वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल तर आणखी उशिरा. मृणालच्या अहवालात नेमके तेच लिहिलेले होते, पण ते पाकीट तिने उघडलेच नव्हते. (चोविसाव्या आठवड्यापर्यंत काहीच जाणवले नाही, किंवा जाणवणारी हालचाल मंदावली, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. मन सतत उदास असेल, झोप उडाली असेल, तर तेही त्यांना सांगावे.)

आधी गर्भपात झाला असेल तर तपासणीला झोपण्यापूर्वीच डॉक्टरांना तसे सांगावे आणि 'मोजताना बोलत राहाल का?' असे मोकळेपणाने विचारावे. त्यांचे गप्प होणे बहुतेकदा डोक्याचा घेर किंवा हृदयाचे कप्पे नीट पाहण्यासाठी असते. पण खाटेवरच्या बाईला ते कसे कळणार? शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यानेही 'बघ ना, किती गोड आहे' असा आग्रह धरू नये. हात धरावा, तेवढे पुरे.

बाविसाव्या आठवड्यात मृणालचा फोन आला. मेथी निवडताना पोटात काहीतरी फडफडले, तशी ती हातातली जुडी तशीच धरून बसून राहिली होती. पुढच्या सोनोग्राफीच्या वेळी तिने डॉक्टरांना आधीच विनंती केली होती. ते एकेक नाव घेत गेले: डोके, पोट, मांडीचे हाड. मांडीच्या हाडापाशी आपली नजर त्यांच्या चेहऱ्यावरून पडद्याकडे वळली, असे तिने मला सांगितले.