ताजा कलमातले बाबा

प्रश्न : माझे वडील स्थापत्य अभियंता होते. १९६८ साली पदवी घेऊन त्यांनी छत्तीस वर्षे पुलांच्या बांधकामावर नोकरी केली आणि निवृत्तीनंतरचा सगळा काळ घरासाठी दिला. काही महिन्यांपूर्वी ते गेले. नातवंडांना आजोबा कळावेत म्हणून आम्ही भावंडे एक छोटी स्मरणपुस्तिका काढत आहोत. मी चार पाने लिहिली, पण ती नोकरीच्या अर्जासारखी झाली आहेत : पदे, बढत्या आणि शेवटी 'शिस्तप्रिय, मितभाषी, कुटुंबवत्सल'. आमच्या लहानपणी ते महिनोन् महिने साइटवर असत, हे लिहावे की नाही यावरही आमचे एकमत होत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

ता. क. : कपाट आवरताना त्यांची एक वही सापडली. पुढून घरच्या पंपाच्या नोंदी आहेत, म्हणजे वंगण कधी घातले, वॉशर कधी बदलला वगैरे. आणि मागून आईचा रक्तदाब, तारीख, वेळ व डावा हात की उजवा, यांसह. पूल ओलांडताना चाकांचा खडखड आवाज झाला की 'ही फट मुद्दाम ठेवलेली असते' असे ते दर वेळी सांगत. असले तपशील पुस्तिकेत शोभतील का?

उत्तर : आपल्या पत्रातला सर्वांत चांगला मजकूर ताजा कलमात गेला आहे. चार पाने बाजूला ठेवा आणि त्या वहीपासून सुरुवात करा.

रक्तदाब दोन्ही हातांवर थोडा वेगळा येऊ शकतो, त्यामुळे कोणत्या हातावर मोजला हे लिहिले नाही तर कालच्या आकड्याशी आजच्याची तुलना फसते. माप कोणत्या परिस्थितीत घेतले याची नोंद मापाइतकीच महत्त्वाची, हे साइटवर अंगवळणी पडलेले शिक्षण त्यांनी घरी आणले होते. 'कुटुंबवत्सल' हा शब्द आपण कितीही वेळा लिहिला तरी 'डावा हात, सकाळी ७.१०' अशा एका ओळीची सर त्याला येणार नाही. (हे विशेषण छापील शोकसंदेशांत इतके झिजले आहे की मी ते लेखांतून सरसकट काढून टाकतो.)

फटीचेही तसेच आहे, पण ती नातवंडांना समजावून सांगावी लागेल. काँक्रीट आणि पोलाद तापले की लांबते. एक अंश सेल्सिअसला दर दहा लाखांत साधारण बारा भाग, असे हे प्रमाण आहे. पुलाच्या तीस मीटर लांबीच्या गाळ्याचे, म्हणजे दोन आधारांमधल्या भागाचे, तापमान चाळीस अंशांनी वाढले, तर तो सुमारे चौदा मिलिमीटर लांबतो. तेवढी जागा आधीच सोडली नाही, तर तो ताण शेजारच्या गाळ्यावर आणि आधारावर जातो. वडील दर वेळी तेच वाक्य बोलत, तेव्हा तुम्ही मुले कंटाळत असाल, तर तेही लिहा.

त्यांच्या पिढीची आणखी एक खूण आपल्याला आठवते का, ते पाहा. १९६८ साली शिकून बाहेर पडलेला अभियंता स्लाइड रूलवर, म्हणजे सरकत्या पट्टीने गुणाकार-भागाकार करण्याच्या साधनावर, वाढलेला. हेवलेट-पॅकार्डचा खिशात मावणारा एचपी-३५ हा गणकयंत्राचा नमुना आला १९७२ मध्ये. स्लाइड रूल साधारण तीन अंकांपर्यंत अचूक उत्तर देते, पण दशांशचिन्ह कुठे द्यायचे ते सांगत नाही. ते वापरणाऱ्याने मनातल्या अंदाजावरून ठरवायचे असते. म्हणून ही माणसे गणित सोडवण्याआधी 'अंदाजे किती यायला हवे?' असे विचारतात. आपल्याही वह्यांवर वाकून त्यांनी हा प्रश्न कधी विचारला असेल, तर त्या प्रसंगाला अर्धे पान सहज मिळावे.

कामाविषयी लिहिताना मात्र हात आखडता घ्या. 'अमुक पूल बाबांनी बांधला' हे वाक्य त्यांनी स्वतः खोडले असते, कारण पूल कधीच एकट्याचा नसतो. घरात जुनी ड्रॉइंग असतील तर खालच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट वाचा; रेखाटले कोणी, तपासले कोणी, मंजूर कोणी केले, याच्या आद्याक्षरी सह्या आणि तारखा बहुधा तिथेच असतात. त्यांची सही 'तपासले' समोर असेल तर तसेच लिहा. त्यांच्या हाताखाली काम केलेले कोणी भेटले, तर 'ते कसे होते?' असे विचारू नका, कारण उत्तरात पुन्हा 'शिस्तप्रिय' हाच शब्द येईल. 'त्यांनी तुमचे कोणते काम परत करायला लावले?' असे विचारा.

राहिला साइटवरच्या महिन्यांचा प्रश्न. माझ्या मते ते लिहावेच. एकदा सुरू केलेले काँक्रीट सोयीप्रमाणे अर्ध्यावर सोडता येत नाही, कारण आधीचा थर घट्ट झाल्यावर नवा ओतला तर तो सांधा दुबळा राहतो. पुढे त्याच काँक्रीटचे नमुना-ठोकळे सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून त्यांची ताकद पाहायची असते. अशा वेळापत्रकात मुलाचा वाढदिवस बसत नाही. हे कारण द्या, पण त्याने तुमच्या घरातली रिकामी खुर्ची भरून निघाली असे भासवू नका. त्या महिन्यांत घर कोणी चालवले, हे आईला विचारून तिच्याच शब्दांत छापा. निवृत्तीनंतर माणूस रोज सकाळी रक्तदाब का मोजू लागतो, याचा अंदाज वाचकाला आपसूक येईल. आपण तो सांगायला जाऊ नका.

वहीची दोन पाने, एक पंपाचे आणि एक आईचे, टंकलेखन न करता मूळ आकारात छायाचित्र म्हणून घ्या, म्हणजे त्यांचे अक्षरही नातवंडांपर्यंत जाईल. मात्र आईचे पान छापण्याआधी तिची परवानगी घ्या. आकडे तिचे आहेत.