स्वस्तातल्या .२२ रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर फार जड आहे. घरच्या घरी स्प्रिंग कापून हलका करता येईल का?

कापू नका. उत्तर खरं तर इथेच संपतं, पण "वेटोळं कापलं की झालं" हे वाक्य मी आमच्याच घरात इतक्यांदा ऐकलंय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचा मेव्हणा वेंगुर्ल्याकडचा, आंबा-काजूचा बागायतदार. परवाना हातात आल्यावर त्याने असंच स्वस्तातलं .२२ घेतलं. माझी सगळी नोकरी शस्त्रागारात गेली, पण त्याच्या लेखी मी भावोजी, म्हणजे पाटावर बसवून वाढायचा माणूस. सल्ला घ्यायचा तो नाक्यावरच्या मित्रांचा. पावसात गंज धरू नये म्हणून त्याने आत घरचं खोबरेल सोडलं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि पौषातल्या पहाटे आमच्याकडेही पारा त्याच्या खाली उतरतो. सकाळी चाप हलता हलेना, दुपारी जरा बरा. असं का होतं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मित्राने सांगितलं आणि ह्याने घोड्याच्या, म्हणजे मागून ठोका देणाऱ्या हातोडीच्या, स्प्रिंगचं दीड वेटोळं पक्कडीने तोडलं.

चाप मऊ झाला, खूश! मग रेंजवर गेल्यावर सहातली दोन-तीन काडतुसं नुसती 'टिक' करून गप्प. निदान तयारच होतं: "हवा दमट, काडतुसां सादळली, दुसरा काय!"

मी ती न उडालेली काडतुसं मागून घेतली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. पितळ चकचकीत, हिरवटपणाचा मागमूस नाही. बुडाच्या कडेवर ठोका मारणाऱ्या पिनेची खूण होती, पण नखाला जेमतेम लागेल एवढीच. शेजारी उडालेली पुंगळी ठेवली. तिच्यावर तीच खूण खोल, कडेचं पितळ पार चेपलेलं. यात हवेचा काय संबंध?

.२२ च्या बुडाला मध्यभागी टोपी नसते. ठिणगी देणारा मसाला बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो. पिनेने ती कड चेंबरच्या (काडतूस बसतं त्या भोकाच्या) काठावर चेपली तरच तो पेटतो, आणि त्याला ठोका जोरकस लागतो. म्हणून स्प्रिंग कडक. त्यात डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे नुसता चाप ओढून बार काढताना, तुमचं एकच बोट घोडाही मागे नेतं आणि सिलिंडरही फिरवतं. पाच किलो किंवा त्याहून जास्त ओढ लागते ती यामुळे, महागड्या रिव्हॉल्व्हरलाही. घोडा आधी अंगठ्याने चढवलात तर साधारण दीड-दोन किलोत भागतं. टीव्हीवर नेमबाजी बघून तुलना करणाऱ्यांचं मला हसू येतं. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरला सुवर्ण जिंकलं तेही .२२ नेच, पण ते पिस्तूल. त्याच्या चापाला सिलिंडर फिरवावा लागत नाही. आणि तिथेही ट्रिगर किमान १ किलोचा हवा असा नियमच आहे.

असो. मेव्हण्याचं रिव्हॉल्व्हर कोल्हापूरला परवानाधारक गनस्मिथकडे नेलं. आतला चिकटा निघाला, मूळ मापाची नवी स्प्रिंग बसली, आणि त्याच डब्यातली काडतुसं एकामागून एक उडाली. हा म्हणतो, "घाटावरची हवा सुकी, म्हणान उडाली." उरलेला डबा मी मुद्दाम पावसाळाभर त्याच्याच कपाटात राहू दिला. दिवाळीनंतर तीही सगळी उडाली. त्यावर त्याने काजूच्या भावाचा विषय काढला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी आतून नीट साफ करून घ्या, विशेषतः निवडणुकीत ठाण्यात जमा होऊन परत आलं असेल तर. गन ऑइल थेंबभरच, खाद्यतेल अजिबात नको. मग स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसं) घालून रोज थोडा वेळ चाप ओढत राहा. रिकाम्या चेंबरवर नको, .२२ ची पिन चेंबरच्या काठावर आपटून तिथे खड्डा पाडते. सरावाने भाग एकमेकांत बसतात, बोटही तयार होतं. वजन फारसं उतरत नाही, पण ओढ गुळगुळीत होते आणि नेमाला तेवढं पुरतं. घासायचे भाग गनस्मिथने पॉलिश केले तर आणखी फरक पडेल. घोडा जिथे अडकतो त्या खाचेला मात्र कानस लागता कामा नये, नाहीतर चढवलेला घोडा नुसत्या धक्क्याने सुटेल. चाप परत आणणारी स्प्रिंगही कापायची नाही, चाप अर्ध्यावर अडकून बसतो. आणि हे डुकरांसाठी घेतलं असेल, तर ट्रिगर कितीही हलका करा, .२२ त्याला पुरत नाही.

हो, काडतूस उडालं नाही तर लगेच सिलिंडर उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, बार उशिराही होतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्ती-फेरबदलाचा परवाना वेगळा असतो. तुमचा बाळगण्याचा परवाना तिथे चालत नाही. गनस्मिथकडे जाताना तो मात्र मूळ प्रतीसकट सोबत ठेवा.