"खेळ बंद करू का ओ, मॅडम?"

मे महिन्यातली दुपार, सोलापूरचं ऊन. पंखा जोरात फिरत होता, तरी समोर बसलेल्या मुलीने जाड जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. वडील यंत्रमाग कारखान्यातून थेट आलेले, बाहीला सुताचे तंतू चिकटलेले.

"दहा वर्षं झाली तायक्वांदोला. परदेशात स्पर्धेला पाठवली, त्याचं कर्ज अजून फिटतंय. पहिल्याच लढतीत हरली. आता नुसती चिडचिड, कॉलेजचं पुस्तक उघडत नाही. खेळ बंद करू का ओ, मॅडम?"

मी समुपदेशक, खेळाडूंच्या घरून हा प्रश्न मला नेहमी येतो. वडिलांना बाहेर बसवलं आणि तिला एवढंच विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?"

"अर्धी काकडी."

मग हळूहळू सगळं निघालं. तिचं वजन ५३ किलो. जागतिक स्पर्धेत महिलांचे आठ वजनगट असतात, त्यात ५३ किलोपर्यंतचा एक आहे. ऑलिम्पिकमध्ये मात्र चारच: ४९, ५७, ६७ किलोपर्यंतचे आणि त्याच्या वरचा. स्वप्न ऑलिम्पिकचं, म्हणून ४९ मध्ये उतरायचं असं तिनेच ठरवलेलं. घाम निघून वजन उतरावं म्हणून जर्किन घालून पार्क स्टेडियमला पळायची, वजन घेण्याच्या आदल्या दिवशी पाणीसुद्धा बंद. आई कडक भाकरी, शेंगा चटणी, दही वाढायची. ताट तसंच परत जायचं. चार महिने पाळी आली नव्हती, घरात कुणाला पत्ता नाही.

"दुसऱ्या राउंडला पायच वर जाईना, मॅडम," म्हणाली आणि रडली. डोक्यावरच्या किकला तीन गुण, तीच वळून मारली तर पाच. वळून मारणं हीच तिची ताकद. उपाशी अंगात ती कुठून येणार? आणि घरी आल्यावर पुस्तकात तरी लक्ष कसं लागणार?

तिच्या परवानगीने आईवडिलांशी बोलले. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग आहारतज्ज्ञ. तिच्या तायक्वांदोच्या सरांनाही भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ठरलं ते असं, की सध्या ५३ मध्येच खेळायचं आणि ताकद वाढवत सावकाश ५७ कडे जायचं. "तिथं सगळ्या उंच असतात," ही तिची भीती खरी आहे. लांब पायाच्या मुलीसमोर जवळ कसं शिरायचं, यावर सर आता काम घेतात.

वडिलांना मी म्हटलं, खेळ बंद करू नका, पण कर्ज काढून परदेशवारीही नको. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला कामगिरीच्या अटी आहेत. त्या भरवशावर बी.कॉम. सोडायचं नाही. प्रमाणपत्रांची फाइल मात्र आजच करा.

गेल्या आठवड्यात ती एकटीच आली, साध्या टी-शर्टवर. पाळी अजून नियमित नाही, औषध चालू आहे. वजन ५४ झालंय. तो आकडा तिने मी न विचारता सांगितला.