गहू-तांदूळ कमी करून ज्वारी-बाजरी खाल्ली तर पर्यावरणाला खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात चौघांचं घर आहे, दोन्ही वेळा पोळी-भात, आठवड्यातून दोनदा पनीर, कधीमधी चिकन. यात काय बदललं तर उपयोग होईल, आणि ज्वारी-बाजरीचं सध्या जे चाललंय ते नुसतं फॅड आहे का?

फॅड नाही. पण "भरड धान्य चांगलं, तांदूळ वाईट" एवढंच धरून चाललात तर फसाल. ते धान्य कुठल्या हंगामात आणि कुठल्या पाण्यावर पिकलं, हे आधी बघायला हवं.

रब्बी ज्वारी, म्हणजे आपला शाळू, मंगळवेढा, सोलापूर, अहिल्यानगर, बीड या भागातल्या भारी काळ्या जमिनीत सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पावसाळ्यात मुरलेली ओल ही जमीन धरून ठेवते आणि त्या ओलीवरच पीक फेब्रुवारीपर्यंत हाताशी येतं. पाणी असेल तर पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, पाण्याची एखादी पाळी देतात, नसेल तर तीही नाही. त्याच हंगामात गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात आणि त्या विहिरीतून किंवा कालव्यातूनच येतात. शिवाय ज्वारीचा कडबा जनावरांना जातो, म्हणजे चाऱ्यासाठी वेगळी जमीन आणि पाणी तेवढं कमी लागतं. देशपातळीवरचा हिशेबही याच दिशेचा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, भारतात तांदळाच्या जागी त्या त्या जिल्ह्याला सोयीचं ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा मका घेतलं तर तृणधान्यांच्या सिंचनाचं पाणी सुमारे ३३ टक्क्यांनी घटू शकतं.

तांदळाचे दोन प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करतात. पहिला पाण्याचा. पंजाब-हरियाणातला बासमती बोअरच्या पाण्यावर पिकतो. तिथलं भूजल इतकं खाली गेलं की पंजाबला २००९ मध्ये कायदा करून १० जूनच्या आधी लावणीला मनाई करावी लागली. कोकणातला किंवा मावळातला खरिपाचा भात मात्र पावसावर येतो, त्याला पाण्याचा दोष देणं अन्यायाचं आहे. दुसरा प्रश्न मिथेनचा, आणि त्यातून कोकणचा भातही सुटत नाही. खाचरात पाणी साचलं की मातीला हवा मिळत नाही, तिथले सूक्ष्मजीव कुजणाऱ्या पाल्यापासून मिथेन तयार करतात आणि तो रोपाच्या पोकळ दांड्यातून वर निघून जातो. तरीही भात सोडू नका. रात्रीचा भात कमी करा, बासमती सणावारापुरता ठेवा आणि एरवी आंबेमोहर, इंद्रायणी घ्या.

आता पोळीच्या जागी भाकरी. महिन्याला १२ किलो गहू लागत असेल तर ६ किलोंवर आणा आणि बाकी ज्वारी घ्या. इथेच बहुतेक घरं दोन आठवड्यांत माघार घेतात, कारण भाकरी चिरते. कारणं साधी असतात. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, पिठाचा चिकटपणा पिष्टातून (स्टार्चमधून) येतो आणि जुन्या पिठाचा तो चिकटपणा, म्हणजे "विरी", जातो. त्यामुळे एका वेळी आठवड्याचंच पीठ दळून आणा. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, ते आणखी लवकर कडवट होतं, म्हणून ते चार-पाच दिवसांचंच. तरीही चिरत असेल तर उकड काढा: एक वाटी पाणी खळखळून उकळा, मीठ घाला, गॅस बंद करून एक वाटी पीठ ढवळा, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि कोमट असताना तळहाताने चांगलं मळा. भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला लगेच पाणी फिरवा आणि ते सुकायच्या आत उलटा. पाणी पूर्ण सुकू दिलंत तर पापुद्रा तडकतो आणि भाकरी फुगत नाही.

खरेदीत एक खबरदारी. स्वस्त, निस्तेज दाण्याची ज्वारी बऱ्याचदा खरिपाची संकरित असते. दाणा भरताना पाऊस लागला की ती काळी पडते आणि भाकरीला चव राहत नाही. मालदांडी किंवा शाळू असं नाव घेऊन मागा, टपोरा मोत्यासारखा दाणा बघा. काढणीनंतर, मार्च-एप्रिलमध्ये भाव त्यातल्या त्यात बरा असतो. तेव्हा घेऊन कडक उन्हात वाळवा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम धान्य भरलं तर आत घाम सुटतो आणि कीड लागते. शक्य असेल तर थेट शेतकऱ्याकडून घ्या. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, ज्वारीची काढणी हाताने करावी लागते आणि मजूर मिळत नाहीत, म्हणून शेतकरी हे पीक सोडतोय. बांधावर चांगला भाव मिळाला तरच तो पेरेल.

साखरेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्या राज्यात सिंचनाचं सर्वाधिक पाणी तिच्यासाठी लावलेल्या उसाला जातं. महाराष्ट्रात एका किलो साखरेमागे साधारण दोन हजार लिटर पाणी जातं. महिन्याची चार किलो साखर दोनवर आणली तर वर्षाला २४ किलो वाचते, म्हणजे ४८ हजार लिटर, दहा हजार लिटरचे जवळपास पाच टँकर. एवढं पाणी लगेच नदीत राहील असं मात्र समजू नका. उसाला हमखास भाव आहे, उरलेली साखर निर्यातीला किंवा इथेनॉलला वळते. तरीही ज्या राज्याला २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं, तिथे साखरेची मागणी कमी करणं मला गरजेचं वाटतं.

पनीरचं गणित अनेक शाकाहारी घरांना धक्का देतं. एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं आणि भारतीय शेतीतून निघणाऱ्या हरितगृह वायूंपैकी निम्म्याहून जास्त गाई-म्हशींसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून येतात. जगाच्या सरासरीने एक किलो मटणामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो, चिकनमागे १०, कडधान्यांमागे एक-दोन. तुमच्याकडे चिकन कधीमधीच, पनीर मात्र आठवड्यातून दोनदा, तेव्हा चिकनची चिंता आधी करू नका, आठवड्यातलं एक पनीर काढा आणि त्या जागी मटकी, चवळी किंवा हरभऱ्याची उसळ ठेवा. या पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे युरिया कमी लागतो. मटकी आठ तास भिजवून फडक्यात बांधली की उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात, थंडीत दीड दिवस लागतो. मोड आलेली मटकी कुकरला लावू नका, गाळ होतो. कढईत झाकण ठेवून दहा मिनिटांत शिजते.