घरी बांधलेला मायक्रोकंट्रोलर बोर्ड संगणकाला उत्तर का देत नाही?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स पदविकेच्या शेवटच्या वर्षात आहे. एटमेगा ३२८पी ही २८ पिनांची नवी सुटी आयसी आणून मी झिरो पीसीबीवर (नुसती भोके असलेल्या पट्टीवर) आर्डुइनो उनो या तयार बोर्डासारखा बोर्ड बांधला. १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल, त्याला २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि रिसेट पिनला १० किलोओहमचा रेझिस्टर लावला आहे. सीएच३४० चिपच्या यूएसबी-सिरियल मोड्यूलची डीटीआर पिन (संगणक तयार असल्याचा इशारा देणारी) थेट रिसेटला जोडली आहे. प्रोग्रॅम चढवताना दर वेळी ‘नॉट इन सिंक’ असा संदेश येतो. टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) या पिनांच्या वायर उलटसुलट करूनही फरक पडत नाही. चूक कुठे असावी?

उत्तर : या संदेशाचा अर्थ इतकाच की संगणकाने विचारणा केली आणि त्याला अपेक्षित उत्तर मिळाले नाही. वायर चुकली, रिसेट मिळाला नाही, वेग जुळला नाही किंवा उत्तर देणारा प्रोग्रॅमच चिपमध्ये नाही, या चारही परिस्थितींत तोच संदेश दिसतो. म्हणून वायरची अदलाबदल करत राहण्यापेक्षा एकेक दुवा वेगळा तपासणे श्रेयस्कर. आपल्या वर्णनावरून मात्र दोन दोष आताच दिसतात, आणि त्यांतला पहिला वायरिंगचा नाही.

सुटी विकत घेतलेली नवी आयसी सहसा कोरी असते. सिरियल जोडणीतून येणारा प्रोग्रॅम स्वीकारून तो फ्लॅश मेमरीत लिहिण्याचे काम बूटलोडर हा छोटा प्रोग्रॅम करतो, आणि तो कारखान्यातून आलेल्या चिपमध्ये नसतो. शिवाय अशा चिपचे फ्यूज (चिपच्या आत साठवलेल्या मूळ सेटिंग) आतील ८ मेगाहर्ट्‌झचा ऑसिलेटर आणि त्याला ८ने भाग अशा मांडणीत असतात. म्हणजे आपण क्रिस्टल लावलेला असला तरी चिप त्याच्याकडे न पाहता १ मेगाहर्ट्‌झवर चालते. अशा चिपला सिरियलने कितीही हाका मारल्या तरी ओ देणारे आत कोणी नाही. (काही दुकानदार बूटलोडर भरलेली चिप वेगळी विकतात, खरेदी करताना हे विचारून घ्यावे.)

त्यामुळे बूटलोडर एकदा आयएसपी जोडणीने, म्हणजे बूटलोडरशिवाय थेट चिपच्या मेमरीत लिहिणाऱ्या जोडणीने, भरावा लागेल. त्यासाठी यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर चालतो, किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतला उनो बोर्ड वापरता येतो. उनोवर ‘आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी’ हा तयार प्रोग्रॅम चढवा आणि त्यानंतरच उनोच्या रिसेट व ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक रिसेटकडे. नाहीतर संगणक बोलू लागताच उनो स्वतःच रिसेट होतो. मग उनोची १० क्रमांकाची पिन आपल्या आयसीच्या पिन १ला, ११ ही पिन १७ला, १२ ही १८ला आणि १३ ही १९ला जोडा. ५ व्होल्ट आणि ग्राउंडही जोडा. आर्डुइनो सॉफ्टवेअरमधल्या ‘बर्न बूटलोडर’ या आज्ञेने फ्यूजही बदलतात आणि चिप बाहेरच्या क्रिस्टलवर जाते, म्हणून क्रिस्टल आधीपासून पिन ९ व १०च्या अगदी जवळ नीट सोल्डर केलेला हवा. तो सुरू झाला नाही तर चिप नंतर प्रोग्रॅमरलाही उत्तर देणार नाही. या टप्प्यावर सिग्नेचर (चिपचा ओळख-क्रमांक) जुळत नसल्याचा संदेश आला तर आयसीवरची अक्षरे भिंगाखाली वाचा : शेवटचे ‘पी’ नसलेल्या ३२८ची सिग्नेचर वेगळी असते.

दुसरा दोष डीटीआरचा आहे. संगणकाने पोर्ट उघडला की मोड्यूलची डीटीआर पिन खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे जाते आणि पोर्ट उघडा असेपर्यंत साधारणपणे तिथेच राहते. ती थेट रिसेटला जोडल्यास चिप सर्व वेळ रिसेटमध्येच दाबलेली राहते. मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला की फक्त खाली येणारी कड पलीकडे पोहोचते, आणि आपल्या १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे १ मिलिसेकंदाच्या कालस्थिरांकाने रिसेट पुन्हा वर चढतो. चिप जागी होते, बूटलोडर साधारण एक सेकंद संगणकाच्या विचारणेची वाट पाहतो आणि तेवढ्यात संवाद जुळतो. पोर्ट बंद होताना डीटीआर वर जाते तेव्हा हाच कपॅसिटर रिसेट पिनला क्षणभर ५ व्होल्टच्या वर ढकलतो, म्हणून त्या रेझिस्टरला समांतर १एन४१४८ डायोड, पट्ट्याचे टोक ५ व्होल्टकडे ठेवून, लावावा असे मी आग्रहाने सुचवेन.

वायरिंगचे बाकीचे थोडक्यात. मोड्यूलचा टीएक्स आयसीच्या पिन २ला, म्हणजे आरएक्सडीला, आणि मोड्यूलचा आरएक्स पिन ३ला जायला हवा; दोन्हींचे ग्राउंड एकच असले पाहिजे. मोड्यूल निर्दोष आहे का हे पाहण्यासाठी तो बोर्डापासून सोडवा, त्याचेच टीएक्स आणि आरएक्स एकमेकांना जोडा आणि सिरियल मॉनिटरमधून काही अक्षरे पाठवा. तीच परत दिसली तर मोड्यूल, ड्रायव्हर आणि केबल तिन्ही ठीक आहेत. वीजपुरवठा पिन ७ आणि २० या दोन्हींना आणि ग्राउंड ८ व २२ या दोन्हींना द्या. प्रत्येक जोडीजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. झिरो पीसीबीवर लांब वायरी फिरवणारे विद्यार्थी हे कपॅसिटर अनेकदा गाळतात, आणि मग बोर्ड कधी चालतो, कधी चालत नाही.

शेवटी वेग. उनोच्या बूटलोडरचा वेग ११५२०० बॉड आहे, तर ३२८ असलेल्या डुएमिलानोवे या जुन्या आर्डुइनो बोर्डाचा ५७६००. जो बूटलोडर भरला, तोच बोर्ड यादीतून निवडावा.

प्रश्न : माझ्या जुन्या संगणकाला ९ पिनांचा सिरियल पोर्ट आहे. यूएसबी मोड्यूल न घेता तोच बोर्डाला थेट जोडता येईल का?

उत्तर : थेट मुळीच जोडू नये. अशा, म्हणजे आरएस-२३२ प्रकारच्या पोर्टवर धन आणि ऋण असे दोन्ही व्होल्टेज असतात, प्रमाणानुसार ३ ते १५ व्होल्टपर्यंत, आणि त्यांचा तार्किक अर्थही आयसीच्या ०-५ व्होल्टच्या उलट असतो. आरएक्सडी पिन त्याने जळू शकते. मध्ये व्होल्टेज जुळवून देणारी मॅक्स२३२ आयसी आणि तिला लागणारे १ मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर लावा. या आयसीत दोन रिसीव्हर असतात. एक पोर्टच्या टीएक्ससाठी वापरून दुसऱ्यातून पोर्टची डीटीआर न्या आणि त्याच्या आउटपुटला वर सांगितलेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून रिसेटला द्या, म्हणजे प्रोग्रॅम चढवताना बटण दाबावे लागणार नाही.