होडी घेतलीस, आता तिचा खर्च

फायबरची होडी घेतलीस, छान झालं. पण किमतीचा विचार आता सोड, रोजच्या खर्चाकडे बघ. सगळ्यात जास्त पैसा डिझेल खातं, त्यानंतर बर्फ आणि खलाशांची उचल. मच्छीमार सोसायटीमार्फत डिझेलवरचा परतावा मिळतो. तो हातात पडायला मात्र वेळ लागतो, म्हणून त्याच्या भरवशावर उधारी करू नकोस.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. कमाई शून्य, बँकेचा हप्ता चालूच! शिवाय होडी वर ओढायची, पावसापासून झाकून शाकारायची, बुडाला चिकटलेले शिंपले खरवडून रंग मारायचा, हे सगळं त्याच काळात येतं. रंगात काटकसर करशील तर बूड लवकर खरबरीत होईल आणि तेवढंच अंतर कापायला डिझेल जास्त लागेल. होडी ढकलणाऱ्या पंख्याजवळचा जस्ताचा तुकडा पंख्याऐवजी स्वतः झिजतो; तो झिजला की लगेच बदल. तो स्वस्त आहे, पंखा नाही.

जाळ्याचं सांगूच नये, खडकात एकदा अडकलं की गेलं. परवाना आणि विम्याच्या तारखा भिंतीवर लिहून ठेव. प्रत्येक फेरीच्या विक्रीतून आधी इंजिनासाठी थोडे पैसे बाजूला काढ, मग खलाशांचे वाटे कर. खलाशी कुरकुरतील, कुरकुरू देत.