राउटरचा अडॅप्टर नको: माळ्यावरचा स्पेक्ट्रम सुरू करण्याआधी

प्रश्न थोडक्यात: ठाण्याच्या घरी माळ्यावर काकांचा रबरी बटणांचा झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के (१९८०च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर) सापडला, अडॅप्टर हरवलाय. राउटरचा ९ व्होल्टचा बसतोय, तो लावू का? की सरळ नवा 'द स्पेक्ट्रम' (त्याचीच आजची नक्कल) मागवू?

राउटरचा अजिबात लावू नका. पिन बसते, पण स्पेक्ट्रमला आतल्या टोकावर उणे आणि बाहेर अधिक लागतं. राउटर आणि सीसीटीव्हीचे अडॅप्टर बहुतेक नेमके उलटे असतात. उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड मशीनमध्ये नाही. एका क्षणात रॅमचे १२ व्होल्ट तयार करणारा टीआर४ ट्रान्झिस्टर जातो आणि सोबत रॅमही जाऊ शकते.

गिटारच्या इफेक्ट पेडलचे अडॅप्टर ९ व्होल्टचे आणि आत उणे असलेले असतात. वाद्यांच्या दुकानात मिळतात. फक्त त्यावर किमान १.५ अँपिअर लिहिलेलं बघा, स्वस्तातले बरेच अर्ध्या अँपिअरचेच निघतात. नाहीतर २ अँपिअरचा साधा घेऊन २.१ मिलिमीटरच्या पिनच्या तारा उलट करून जोडा. मल्टिमीटरची लाल तार आत आणि काळी बाहेर लावून आकडा उणे ९ आला, तरच पुढे जा.

त्याआधी मशीन उघडा. खालचे स्क्रू काढून वरचं झाकण सावकाश उचला, कारण कीबोर्डच्या दोन पट्ट्या बोर्डात अडकलेल्या असतात. त्या सरळ वर ओढायच्या, वाकवायच्या नाहीत. इतक्या वर्षांनी त्या कडक होऊन तडकतात आणि मग बटणांची एखादी रांगच मरते. नवीन मेंब्रेन (बटणांखालचा पातळ पडदा, या पट्ट्या त्याच्याच) मिळतं, हे दुखणं मोठं नाही. आपल्याकडच्या दमट हवेत मागच्या एज कनेक्टरवर (जोडण्या लावायच्या बोर्डाच्या उघड्या कडेवर) काळपट थर चढतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

खरी मेख खालच्या १६के रॅमची. ४११६ जातीच्या त्या ८ चिप्सना ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात, आणि १२ चालू असताना उणे ५ गेलं की चिप मरते. म्हणून वीज दिल्यावर पडद्याकडे न बघता आधी कोणत्याही ४११६ वर मोजा: पाय १ वर उणे ५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५, ग्राउंड पाय १६. एखादी चिप बोट ठेववत नाही इतकी तापली तर लगेच बंद करा. १२ येत नसेल तर घाईने टीआर४ (झेडटीएक्स ६५०) बदलू नका. बहुधा शॉर्ट झालेल्या ४११६ नेच तो मारलेला असतो आणि नवाही तिथेच मरेल. आधी चिप शोधा, तिचे पाय कापून एकेक सोडवा, मग सॉकेट बसवा. अख्खी चिप ओढली तर बोर्डावरच्या जुन्या तांब्याच्या पट्ट्या उखडतात. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला विचारा. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड.

चित्र मूळ यूएचएफ चॅनेल ३६ वर येतं. नव्या टीव्हीला अॅनालॉग ट्यूनर नसेल तर मॉड्युलेटरच्या (चित्राचा टीव्ही सिग्नल करणाऱ्या) डबीत जाणारी ५ व्होल्टची तार सोडवून नीट झाका, सॉकेटच्या मधल्या टोकाचा आतला रेझिस्टर काढा आणि व्हिडिओची तार थेट तिथे जोडा. टीव्हीचं पिवळं सॉकेट वापरा. '१९८२ सिंक्लेअर रिसर्च' ही ओळ दिसली की मशीन जिवंत.

नवा 'द स्पेक्ट्रम' (२०२४) चांगलाच आहे: रबरी बटणं, एचडीएमआय, ४८ गेम आत. पण ते सॉफ्टवेअरने केलेलं अनुकरण आहे आणि त्याला कॅसेटचं सॉकेट नाही. खेळायला तोच सोयीचा, काकांचं मशीन मात्र त्याने परत येत नाही. माळ्यावर काकांच्या कॅसेट असतील तर त्या आजच लॅपटॉपवर मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही स्वरूपात उतरवा. एमपी३ नको, त्यात लोडिंगला लागणाऱ्या लहरींचा आकार बिघडू शकतो. त्या फाइलवरून टीझेडएक्स (स्पेक्ट्रमच्या कॅसेटची फाइल) बनवली की पेन ड्राइव्हने नव्या मशीनवर चालेल, आणि तीच डब्ल्यूएव्ही जुन्याच्या 'इअर' सॉकेटमध्ये मोठ्या आवाजात वाजवली की तिथेही.